परदेशातून शेंदूरजनाघाटला पत्र कसं पोचतं? आणि ते अडकतं कुठं?

समजा, शेंदूरजनाघाटातल्या एका घरातला धाकटा मुलगा अमेरिकेत टेक्सासला आहे. वडील गेले. संत्र्याची बाग आणि घर आता आई, मोठा भाऊ आणि त्याच्या नावावर चढणार. पुढं वाटणी करायची, हक्कसोड पत्र करायचं, तर याची सही लागणार. सुट्टी मिळत नाही, म्हणून तो भावाच्या नावानं मुखत्यारपत्र करून पाठवतो. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ तर दोन सेकंदांत आली. पण दुय्यम निबंधकाच्या टेबलावर पीडीएफ चालत नाही. तिथं मूळ कागद लागतो, शाईच्या सहीचा.

आणि मग ज्या पोराने आयुष्यात कधी पत्र टाकलं नाही, त्याच्यापुढं प्रश्न येतो की पत्र पाठवायचं कसं?

हा प्रश्न आता वरुड-मोर्शीच्या बऱ्याच घरांत पडतो. संत्र्यांमुळं या पट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात, आणि इथली पोरं आता खऱ्याखुऱ्या कॅलिफोर्नियातही आहेत. म्हणून एका लिफाफ्याचा प्रवास सुरुवातीपासून बघू.

पत्ता: गाव एक, नावं चार

सगळ्यात जास्त पत्रं विमानात हरवत नाहीत, पत्त्यात हरवतात.

आपल्याकडं पत्ता लिहायची एक पक्की रीत आहे. मु. पो., मग ता., मग जि. ‘मु.’ म्हणजे मुक्काम, ‘पो.’ म्हणजे कोणत्या पोस्टाच्या हद्दीत. दोन्ही एकच असतील तर ‘मु. पो.’ जोडून. परदेशातल्या माणसाला किंवा त्याच्या यंत्राला यातलं काहीच कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. तिकडचं यंत्र पत्ता खालून वर वाचतं. त्याला फक्त शेवटची ओळ हवी असते, देशाचं नाव. ते रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, एकट्या ओळीत लिहायचं. त्याच्या वरच्या ओळीत राज्य आणि पिनकोड. बाकीचं सगळं भारतात आल्यावर वाचलं जाणार आहे.

त्यामुळं आईचं नाव आणि गल्ली मराठीतही लिहिता येते. फक्त गाव, जिल्हा, राज्य, पिन आणि देश रोमनमध्येही हवेत. आईला आपलं नाव लिफाफ्यावर मराठीत वाचायला बरं वाटतं, हा फायदा वेगळाच.

आता खरी गोम. शेंदूरजना नावाचं गाव एकच नाही. वरुड तालुक्यात शेंदूरजनाघाट आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. त्याच अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात शेंदूरजना बाजार आहे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आणखी एक शेंदूरजना आहे. बुलढाण्यात सिंदखेडराजाकडं शेंदुर्जन आहे. इंग्रजीत लिहिताना ‘घाट’ राहून गेलं, की पत्र यांपैकी कुठंही जाऊ शकतं. त्यात स्पेलिंग कुणी जोडून लिहितो, कुणी तोडून, कुणी मधे एक अक्षर खातो.

इथं पिनकोड कामाला येतो. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला आणि ती कल्पना राबवणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर. माणूस टपाल खात्यात अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतचा पंडित आणि लेखकही. एकाच नावाची अनेक गावं, चुकीची स्पेलिंगं, प्रत्येक राज्याची वेगळी लिपी, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. शेंदूरजन्यासारख्या गावांसाठीच तो काढला असावा असं वाटतं.

पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा विभाग. ४४ म्हणजे विदर्भ. तिसऱ्या आकड्यानं वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट ऑफिस सांगतात. वरुडचा पिन ४४४९०६ आणि तिवशाचा ४४४९०३. फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. तो आकडा घाईत चुकला तर लिफाफा तालुका बदलतो. म्हणून पिन आठवणीनं लिहू नका, घरी आलेल्या एखाद्या जुन्या बँकेच्या पत्रावरून किंवा डाक विभागाच्या संकेतस्थळावरून बघून लिहा.

आणखी दोन गोष्टी. पत्रावर घरातल्या माणसाचा मोबाईल नंबर लिहा. आणि नाव आधारकार्डावर आहे तसंच लिहा. गावात सगळे ‘बाई’ म्हणून ओळखत असतील, पण सहीचं टपाल घेताना ओळखपत्र मागितलं तर बाईच्या नावाचा पुरावा कुठून आणणार?

तिकडच्या तिकिटात इकडच्या पोस्टमनचा पगार कसा?

पोरानं अमेरिकेत तिकीट लावलं. एक औंसापर्यंतच्या, म्हणजे साधारण २८ ग्रॅमच्या साध्या पत्राला तिथं जुलै २०२५ मध्ये १.७० डॉलर लागायचे आणि दर जगातल्या कुठल्याही देशासाठी एकच. पैसे मिळाले अमेरिकेच्या टपाल खात्याला. पत्र दारात आणून दिलं आपल्या पोस्टमननं. मग आपल्या खात्याला काय मिळालं?

याचं उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये आहे. ९ ऑक्टोबर १८७४ ला तिथं २२ देशांनी करार केला. त्यातूनच आजचा जागतिक टपाल संघ उभा राहिला. त्याआधी एका देशातून दुसऱ्या देशात पत्र पाठवायचं तर वाटेतल्या प्रत्येक देशाशी वेगळा हिशेब असायचा. कराराने सांगितलं की टपालापुरतं सगळे सदस्य देश म्हणजे एकच प्रदेश. भारत १८७६ मध्ये यात सामील झाला. जागतिक टपाल दिन ९ ऑक्टोबरला असतो, तो याच कारणानं.

त्या करारातला हिशेब मजेशीर होता. तिकिटाचे पैसे ज्या देशात तिकीट विकलं त्यानंच ठेवायचे. दुसऱ्या देशानं पत्र फुकट वाटायचं. का? कारण पत्राला उत्तर जातंच, असं धरलेलं होतं. तुमचं पत्र आम्ही वाटलं, आमचं उत्तर तुम्ही वाटा, झाली फिट्टंफाट. जवळजवळ शंभर वर्षं जगाचं टपाल या एका समजुतीवर चाललं. पुढं श्रीमंत देशांतून मासिकं आणि पाकिटांचे ढीग निघायला लागले आणि उलट दिशेनं तेवढं काही जाईना. तेव्हा १९६९ च्या टोकियो अधिवेशनात ठरलं की ज्या देशात टपाल जास्त येतं त्याला पाठवणाऱ्या देशानं वाटपाचा खर्च द्यायचा. आज तो हिशेब खूप गुंतागुंतीचा झालाय, पण तत्त्व तेच आहे.

‘उत्तर येणारच’ या समजुतीतून आणखी एक वस्तू निघाली होती, आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन. १९०६ च्या रोम अधिवेशनात ते मान्य झालं. परदेशातल्या नातेवाइकाला उत्तराचा खर्च पडू नये म्हणून पत्रात हे कूपन घालायचं. त्यानं ते आपल्या पोस्टात दिलं की तिथलं तिकीट मिळायचं. १९२० मध्ये बोस्टनच्या चार्ल्स पाँझीनं, ‘ही कूपनं स्वस्त देशात घेतो आणि अमेरिकेत वटवतो’ असं सांगून लोकांकडून लाखो डॉलर गोळा केले आणि जुन्यांना नव्यांच्या पैशांतून परतावा दिला. ‘पाँझी स्कीम’ हा शब्द तिथून आला. अमेरिकेनं आणि ब्रिटननं ही कूपनं विकणं केव्हाच बंद केलंय.

एका पत्रानं काय होऊ शकतं

भारत टपाल संघात आल्यानंतर दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, एका मराठी टपाल कर्मचाऱ्यानं एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला शिकायला अमेरिकेत पाठवायचंय, मदत होईल का, असा त्याचा मजकूर. कर्मचाऱ्याचं नाव गोपाळराव जोशी. वाइल्डर नावाच्या त्या मिशनऱ्यानं हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या आपल्या मासिकात छापून टाकला.

मासिकाचा तो अंक १८८० मध्ये न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती पडला. कुठं, तर दातांच्या डॉक्टरकडं नंबर लागायची वाट बघताना. त्यांनी ओळखपाळख नसलेल्या आनंदीबाईंना पत्र लिहिलं. आनंदीबाईंनी उत्तर दिलं. पुढं त्या कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या.

गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा मुक्काम हलत राहिला आणि पत्रं मागोमाग येत राहिली. अर्थात घरातच पोस्टाचा माणूस, त्यामुळं पत्ता चुकायची भीती नव्हती. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा घ्यायला त्याच मावशी आल्या होत्या. तोवर दोघींची भेट फक्त कागदावर झालेली. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात गेल्या. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये अमेरिकेत त्यांचं चरित्र लिहिलं, काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं, आणि दोघींच्या हाताशी मुख्य सामान होतं ते ही पत्रं. चॅट डिलीट केलं असतं तर आज आपल्याला आनंदीबाई किती कळल्या असत्या, हा विचार आमच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

लिफाफ्यात काय घालायचं नाही

आजच्या लिफाफ्याकडं परत येऊ. टपालाच्या भाषेत आता दोनच जाती आहेत, कागद आणि वस्तू. पत्र, दाखला, मुखत्यारपत्र, फोटो हे कागद. बाकी सगळं वस्तू, मग ते कितीही हलकं असो. वस्तू असेल तर त्यावर कस्टमचा फॉर्म लागतो, आत काय आहे आणि किंमत किती ते लिहावं लागतं. आणि ही माहिती आता बहुतेक देशांना पार्सल पोचायच्या आधी संगणकावर हवी असते.

इथंच राखी अडकते. आपल्या डोळ्यांना राखी म्हणजे पत्रातला धागा. तिकडच्या कस्टमच्या डोळ्यांना ती वस्तू आहे. साध्या पाकिटात घालून टाकलेली राखी पुष्कळदा पोचते, हे खरं. पण परत येते तेव्हा पौर्णिमा उलटून गेलेली असते. काउंटरवर सांगून, फॉर्म भरून पाठवलेली बरी.

नोटा घालायच्या नाहीत. आजीला खाऊला म्हणून वीस डॉलरची नोट वहीच्या कागदात गुंडाळून पाठवणारे अजून आहेत. विमा न उतरवलेल्या टपालात नोटा, नाणी, सोनं घालायला आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई आहे. गेली तर तक्रारही करता येत नाही.

आणि शेंदूरजनाघाटच्या लोकांसाठी खास सूचना. गाव रोपवाटिकांचं. संत्र्याची कलमं इथून लांबलांब जातात. तेव्हा तिकडं अंगणात लावायला दोन डोळे किंवा चार बिया पाकिटातून पाठव, असं पोरगं हमखास सांगतं. पाठवू नका. रोप, कलम, बी, माती यांना वनस्पती आरोग्याचा सरकारी दाखला लागतो आणि बऱ्याच देशांत आधी आयात परवानाही लागतो. लिंबूवर्गीय झाडांच्या बाबतीत अमेरिका तर फारच कडक आहे, कारण तिथल्या बागा ‘ग्रीनिंग’ रोगानं आधीच पोखरल्यात. आपल्याकडच्या संत्रा उत्पादकांनाही हा रोग चांगलाच माहीत आहे, त्यामुळं त्यांची धास्ती समजून घेता येईल.

साधं, रजिस्टर की एक्स्प्रेस?

खुशालीचं पत्र असेल तर साधं टाका. त्याला नंबर नसतो, माग काढता येत नाही, आणि दोन-तीन आठवडे, कधी महिनाभरही लागेल असं धरून चाला.

मुखत्यारपत्र साधं टाकू नका. नंबर मिळेल अशीच सेवा घ्या. हा नंबर सगळ्या जगात एकाच साच्याचा असतो. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. अमेरिकेचं असेल तर शेवटी ‘यूएस’, भारताचं असेल तर ‘आयएन’. पहिलं अक्षर ‘आर’ असेल तर ते रजिस्टर, ‘ई’ असेल तर एक्स्प्रेस. गंमत अशी की टपाल भारतात उतरलं की तोच नंबर आपल्या डाक विभागाच्या संकेतस्थळावरही चालतो. तिकडच्या साइटवर ‘अमेरिकेतून निघालं’ एवढंच दाखवून गाडी थांबली, तर घाबरू नका, इकडच्या साइटवर टाकून बघा. तिकडची एक्स्प्रेस इकडं आली की स्पीड पोस्टाच्या थैलीत जाते.

खासगी कुरिअर जलद असतं. पण पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, दारापर्यंत आणून देणार का? मोठ्या शहरापर्यंत तीन दिवसांत आलेला लिफाफा ‘कार्यालयातून घेऊन जा’ म्हणून अडला, तर म्हातारी आई तो आणायला कशी जाणार?

मधल्या काळात नियम बदललेत, तेही लक्षात ठेवा. २०२५ मध्ये आपल्याकडचं देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. त्यामुळं गावातल्या काउंटरवर जुनं ‘रजिस्टर्ड एडी’ मागितलं तर आता स्पीड पोस्टाचीच सोय सांगतील.

गावातून बाहेर

उलट दिशेचा प्रवास त्यामानानं सोपा, फक्त दर देशानुसार बदलतात, तेव्हा लिफाफा काउंटरवर वजन करूनच तिकीट लावा. कमी तिकीट लावलं तर आपल्याकडं ज्याला ‘नॉटपेड’ म्हणायचे तशी गत होते. एकतर पत्र परत येतं, नाहीतर घेणाऱ्याला भुर्दंड. विमानाच्या निळ्या पट्टीवर ‘पार आव्हियों’ असे फ्रेंच शब्द का, असं कुणी विचारलं तर सांगा, टपाल संघाची अधिकृत भाषा पहिल्यापासून फ्रेंच आहे.

आखातात पोरगं असेल तर घराचा पत्ता विचारून फारसा उपयोग नाही. संयुक्त अरब अमिरातीत टपाल वर्षानुवर्षं पोस्ट बॉक्सवरच जातं, घरोघर नाही. तेव्हा कंपनीचा पोस्ट बॉक्स नंबर मागून घ्या. डेन्मार्कमध्ये तर पोस्टनॉर्ड या सरकारी मालकीच्या कंपनीनं ३० डिसेंबर २०२५ ला शेवटचं पत्र वाटलं आणि ४०० वर्षांची सेवा थांबवली. पत्रं तिथं अजून जातात, पण ती आता एक खासगी कंपनी वाटते.

अमेरिकेचा अनुभव ताजा आहे. कमी किमतीच्या पार्सलांची करमाफी अमेरिकेनं काढली, कर कुणी आणि कसा गोळा करायचा हे विमान कंपन्यांना कळेना, आणि २५ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या डाक विभागाला अमेरिकेची बहुतेक बुकिंग थांबवावी लागली. सुरुवातीला पत्रं, कागदपत्रं आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी चालू होत्या. महिनाअखेर त्याही बंद झाल्या. १५ ऑक्टोबरला सेवा परत सुरू झाली, म्हणजे दिवाळीला जेमतेम आठवडा उरलेला. ज्यांच्या चकल्या-चिवड्याचं पार्सल घरीच राहिलं त्यांना हा हिशेब सांगायला नको. पण त्या दीड महिन्यात साधा सहीचा कागदही इथून पोस्टानं अमेरिकेला जात नव्हता, हे फार जणांच्या लक्षात आलं नाही. तारखेचं काम असेल तर म्हणूनच शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका.

पत्र आलं, पुढं?

आता आपला लिफाफा शेंदूरजनाघाटला पोचलाय असं धरू. आत मुखत्यारपत्र. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणं परदेशात राहणाऱ्या माणसाचं मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर, न्यायालयासमोर किंवा भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर सही करून साक्षांकित झालेलं लागतं. नोटरीचं असेल तर अॅपोस्टिल केलंय का, हेही बहुतेक ठिकाणी विचारतात. पोरानं कागद करायच्या आधीच वरुडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नेमकं काय चालेल ते भावानं विचारून ठेवलं, तर दुसऱ्यांदा पोस्टाचा खर्च पडत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या कलम १८ नुसार राज्याबाहेर सही झालेला दस्त महाराष्ट्रात पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. सहीच्या तारखेपासून नाही, इथं आल्याच्या तारखेपासून. हे काम मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडं होतं. मुदत उलटली तर दंडाचं झंझट मागं लागतं.

मग कागद कधी आला हे सिद्ध कसं करायचं? लिफाफ्यावरून. त्यावर तिकडच्या पोस्टाचा शिक्का आणि तारीख असते, नंबर असतो, आणि त्या नंबरवरून वाटपाची तारीख छापून घेता येते. म्हणून घरात पत्र आलं की आधी सगळ्यांना सांगून ठेवा, लिफाफा एका बाजूनं कात्रीनं कापायचा, फाडायचा नाही. पोरांनी तिकिटं मागितली तरी ती काढू द्यायची नाहीत. कागद आणि लिफाफा एकत्र टाचून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवायचा. तिकिटं पोरांना द्यायचीच असतील तर फेरफार मंजूर झाल्यावर द्या.